शेवटच्या घरापर्यंत दवंडी

प्रमिलाबाई,

तुमच्या तेरवीला मला दोन शब्द बोलायला उभं केलं, ही चूक माझी नाही, तुमच्या भाच्याची. त्याला वाटलं, चंद्रपूरहून सर आलेत, मावशीसोबत इतकी वर्षं एका खोलीत बसून शिकवत होते, बरं बोलतील. मी उभा राहिलो. "बाई फार मोठ्या मनाच्या होत्या," एवढं एक वाक्य कसंबसं बोललो आणि तिथून जो घसरलो तो थेट नेटवर्किंगच्या जुन्या कोडवर. समोर अख्खं गाव मांडी घालून बसलेलं. धानाच्या बांधीतून तसेच चिखलाच्या पायांनी आलेले लोक, पदर तोंडाशी धरलेली तुमची बहीण. आणि मी त्यांना सांगतोय की इंटरनेटवरून एक पान आणायला कॉम्प्युटरात चार रस्ते होते, चारही मोडके, आणि त्यातले तीन बाईंनी कसे बंद केले. मागून एक आजोबा म्हणाले, "म्हंजे बाई तिथी साफसफाई करे का जी?"

मी म्हटलं, "हो. तसंच."

"मंग बराबर आहे. लहानपणापासून तिले कचरा पाहवे नाई."

लोक हसले. हसता हसता तुमची बहीण रडायला लागली आणि तिच्या मागोमाग मी. मला वाटतं, तेवढं एकच खरं भाषण झालं त्या दिवशी, आणि तेही माझं नव्हतं.

आता हे लिहायला बसलोय ते तुमच्याच टेबलावर. रागवू नका. तुमच्या टेबलाला हात लावला की तुम्ही कशा बघायच्या ते मला माहीत आहे. पण एक भांडण अर्धवट राहिलंय आपलं आणि एका बाजूचा माणूस उठून गेल्यावर दुसऱ्यानं काय करायचं, हे काही तुम्ही सांगून ठेवलं नाही.

आठवतं का, ते खेळणं कसं आलं आपल्याकडे? एका मासिकासोबत फुकट सीडी आली होती. मी तिचा उपयोग चहाच्या कपाखाली ठेवायला करत होतो. तुम्ही ती उचलली, साडीच्या पदराला पुसली आणि मशीनमध्ये घातली. एक प्रोग्रॅमिंगचं वातावरण निघालं त्यात. भाषा, खिडक्या, चित्रं, स्वतःची सगळी आतडी, सगळं एकाच फायलीत भरलेलं. कुठेही हात घाला, उघडा, बदला, चालू असतानाच. जगात कुठे कुठे बसलेले लोक ते फुकट बनवत होते, फुकट दुरुस्त करत होते. तुम्ही त्याला 'डबा' म्हणायला लागलात आणि मग आपली पोरंही डबाच म्हणायला लागली. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या कपाखाली माझी वही आली.

डबा देखणा होता, पण त्याचा नेटवर्कचा भाग म्हणजे उकिरडा. ज्याला जसं सुचलं तसं त्यानं आणून टाकलेलं. एकानं लिहिलेलं पटलं नाही म्हणून दुसऱ्यानं त्याच्यावरच दुसरं बांधलं, तिसऱ्यानं शेजारी तिसरं. जुनं कोणीच काढलं नाही. तुम्ही त्या लोकांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळे एकमेकांना ज्या पत्त्यावर लिहितात तिथे, लिहिलंत की हे मी साफ करते. जगभरातून एकच उत्तर आलं, देव तुमचं भलं करो. मी तेव्हा तुम्हाला हसलो होतो. "बाई, इथं आपल्या कीबोर्डातली कोळशाची धूळ निघत नाही आणि तुम्ही जगाचा केर काढायला निघाल्या."

"तू बी ये," तुम्ही म्हणालात. "टोपलं धरायले कोणीतरी लागते."

टोपलं धरणाऱ्यानं पहिल्याच महिन्यात काय केलं ते तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत, म्हणून मी सांगतो. एक जुना तुकडा मला दिसला. डब्यात शोधलं, त्याला बोलावणारं कोणीच सापडलं नाही. मी खूश. काढला, आणि तुम्ही जेवायला गेल्या होत्या तेवढ्यात सगळ्या जगाला पाठवूनही दिला, सुधारणा म्हणून. संध्याकाळपर्यंत लिस्टवर बोंब. कारण जगभरातले डबे नव्या सुधारणा ज्या रस्त्यानं आणत होते, तो रस्ताच मी उपटला होता. ज्यांनी माझी सुधारणा घेतली त्यांच्यापर्यंत आता दुरुस्तीसुद्धा पोचू शकत नव्हती. रस्ता दुरुस्त करायचा तर सामान त्याच रस्त्यानं न्यायचं, अशी गत. आणि हे करणारा माणूस दर सोमवारी पोरांना नेटवर्किंग शिकवत होता.

मला वाटलं, तुम्ही आता सोलणार. तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत, मग पदरात तोंड घालून इतक्या हसलात की शेजारच्या वर्गातला शिपाई बघायला आला.

"काऊन रे वरोरावाल्या, तू कोणाले पुसलं होतं का काढायच्या आधी?"

"कोणी वापरतच नव्हतं बाई."

"तुले दिसत नव्हतं. वापरत नव्हतं, असं नाई."

मग तुम्ही बसून ते दुरुस्तीचं गाठोडं लिहिलंत, लोकांनी हातानं आत घालावं असं, आणि लिस्टवर टाकलंत. त्यात लिहिलं होतं, 'आमच्याकडून चूक झाली.' आमच्याकडून. मी ते वाक्य तुमच्या खांद्यावरून वाचलं. थँक्यू म्हणायचं मनात आलं होतं, खरंच. म्हटलं काय, तर "बाई, स्पेलिंग चुकलंय." ते थँक्यू अजून माझ्याकडेच आहे.

त्याच दिवशी तुम्ही मला तुमच्या गावच्या तलावाची गोष्ट सांगितली. पाऊस सरत आला की उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला पाणी पाहिजे असतं, तेव्हा तलावाचं तुडूम उघडतात, पाणी सोडायचं दार. पण हलका धान ज्यांनी आधीच कापला त्यांच्या कडपा बांधीत वाळत पडलेल्या असतात, कोणाची आंबाडी तलावात भिजत असते, कोणाचं जाळं लावलेलं असतं. म्हणून उघडायच्या आधी कोतवाल दवंडी देतो. आणि तुमच्या गावची रीत अशी की तो चावडीपुढे ओरडून परत येत नाही. पाटाच्या टोकाला जे शेवटचं घर असेल तिथपर्यंत चालत जातो, तिथल्या माणसाच्या तोंडून 'ऐकलं जी' ऐकतो, आणि तो परत आला की मगच तुडूम निघतं.

"दवंडी न देता काढायचं नाई," तुम्ही म्हणालात. "आन् ज्याच्या कानी जायले पाहिजे त्याच्या दारात द्यायची. आपल्या दारात ओरडून काय फायदा?"

त्यानंतर आपण काहीही काढायच्या आधी त्या तुकड्यातच एक ओळ घालायचो, 'हा भाग जाणार आहे, वापरत असाल तर कळवा.' आणि थांबायचो. एक धान निघेपर्यंत. लिस्टवरचे लोक विचारायचे, हा नेमका कोणता कालावधी? एका फिनलंडवाल्याला तुम्ही धानाच्या पेरणी-रोवणी-कापणीचं वेळापत्रक लिहून पाठवलं होतं. तो नंतर त्याच्याच भाषेत कापणीची चौकशी करायला लागला. कळलं आपल्याला काही नाही, पण चौकशी आहे हे कळायचं.

असं करत करत सगळं साफ झालं, बाई. राहिलं ते एकच. एका मशीननं दुसऱ्या मशीनला सरळ फोन लावायचा तो जुना भाग. मधे इंटरनेट नाही, काही नाही, मॉडेमनं नंबर फिरवायचा, पलीकडच्या मॉडेमनं उचलायचा. जग ब्रॉडबँडवर गेलं होतं. लिस्टवर सगळे म्हणाले, काढा. मीही म्हणालो, काढा. कोड तर असा की वाचताना दात दुखावेत. आणि तुम्ही म्हणालात, "नाई."

तुमचं ते 'नाई'. वर न बघता, चष्मा नाकावर तसाच, मधे एक श्वाससुद्धा नाही.

"सिरोंच्याले चालू आहे ते."

राज्याच्या पार टोकाला, तेलुगू मुलखाला लागून असलेली सिरोंच्याची ती शाळा मला माहीत होती. व्यंकटीसर म्हणून तिथले गणिताचे मास्तर, एका शिबिरात तुमच्याकडून डबा घेऊन गेले आणि पोरांना शिकवायला लागले. फोनची लाईन अशी की नवा कोड दोन क्षण वाट बघून हात झटकायचा. जुना मात्र चिवट. थोडं पाठवायचा, विचारायचा, पोचलं का, नाही पोचलं तर पुन्हा तेवढंच पाठवायचा, लाईन तुटली तर परत लावून जिथे सोडलं तिथून सुरू करायचा.

"एका शाळेसाठी सगळ्या जगानं तो कचरा सांभाळायचा?" मी म्हटलं.

"तुह्या एका चुकीसाठी जगानं हातानं कोड भरला ना? मंग."

कँटीनमध्ये आपण याच्यावर किती भांडलो. समोसेवाला नंतर आपल्याला बघून लांबचं टेबल दाखवायचा. मी म्हणायचो, तुम्ही भावनेनं कोड ठेवता. तुम्ही म्हणायच्या, तू आळसानं काढतो, मेहनतीचं नाव देऊन. आणि शेवटी मी दरवेळी विचारायचो, "मग केव्हा, बाई?" आणि तुम्ही दरवेळी, "धान निघू दे. त्यायले नव्यावर आणते, मंग काढ."

यंदा रोवणीच्या सुमारास तुम्ही वारंवार नागपूरला जायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, चष्म्याचं काम आहे. मी त्यावरही विनोद केला. इतके दिवस चष्मा बसतोय म्हणजे दुर्बीण घेताय की काय. तुम्ही हसलात. तुमचा हात तेव्हा टेबलाची कड घट्ट धरून होता. मी तो पाहिला होता, बाई. मी लगेच त्या जुन्या कोडचा विषय काढला. म्हटलं, यावर तरी भांडतील. तुम्ही भांडला नाहीत. फक्त म्हणालात, "धान निघू दे रे." त्या वेळी वाक्यात 'रे' होता. तो मला परवा ऐकू आला.

तुम्ही गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी तुमचं मशीन बंद केलं आणि वर स्वच्छ कापड घातलं. शोक म्हणून. दुसरं काय करतात मला माहीत नव्हतं. मग लिस्टवर इंग्रजीत लिहिलं. फिनलंडवाला, ब्राझीलमधली ती पोरगी, कोण कोण, सगळ्यांची उत्तरं आली. इथल्या पेपरात तुमचा फोटो आला. मला वाटलं, सांगायचं होतं त्या सगळ्यांना सांगून झालं.

शनिवारी दुपारी मी एरवी वरोऱ्याला घरी पळतो, ते तुम्हाला माहीत आहे. तुमची लॅब आता माझ्याकडे आली म्हणून थांबायला लागलो. आणि शनिवारी दुपारी तुमच्या टेबलावरचा फोन वाजला. पहिल्यांदा उचलला नाही. तुमच्या फोनवर मी काय बोलणार होतो? पुन्हा वाजला. उचलला, तर आत कोणी माणूस नाही, बारीक टूं… टूं… मी मोठ्यानं "राँग नंबर!" म्हणून ठेवून दिला. पुन्हा वाजला. मी रागावून म्हटलं, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. नेटवर्किंगचा अधिव्याख्याता मॉडेमला झापतोय, हे दृश्य तुम्ही चुकवलंत. तुम्ही असत्या तर तो शिपाई पुन्हा बघायला आला असता.

तेरवीहून परत आलो तर लिस्टवर पत्र होतं. फार जपून लिहिलेलं. बाईंचं काम आता कोण पुरं करणार, नवी आवृत्ती त्या एका भागासाठी अडली आहे, तुमची हरकत नसेल तर काढावा का. मी 'काढा' असं लिहिलं. लिहून पाठवायला बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. शेवटच्या घरी सांगितलं का? सांगितलं नव्हतं. सिरोंच्याला फोन लावला, तर पलीकडून माणूस नाही, मॉडेम किंचाळला. त्या शाळेत ती एकच लाईन. मग मी एसटीनं निघालो.

आष्टी, आलापल्ली, पुढे सगळा सागवान आणि खड्डे. रस्ताभर मी मनात भाषण जुळवत होतो. ज्यानं तेरवीला दिवे लावले तो इथे तरी नीट बोलेल म्हणून. जुना कोड काढणं का गरजेचं आहे, नव्यावर कसं आणून देईन, मी स्वतः येऊन बसेन. सगळं मुद्देसूद.

व्यंकटीसर व्हरांड्यात सायकलची चेन बसवत होते. काळ्या हातांनीच नमस्कार केला. "कूर्चोंडी सार, बसा, बसा. बाईंकडून आलात ना?" आतल्या खोलीत पोरं मशीनभोवती दाटून बसली होती, त्यांना ओरडले, "बाईंचे सार आले रे!" पोरांनी उभं राहून नमस्ते म्हटलं आणि माझ्या मागे बघायला लागली, तुम्ही बसमधून उतरताय का ते.

मी भाषण सुरू केलं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काढा ना सार. बाई म्हणाल्या होत्या मला, कधीतरी काढावं लागेल म्हणून. फक्त त्यांना एक सांगा. पावसात आमची लाईन गेली होती, आता आली. दर शनिवारी लावतो आम्ही, तिकडून उत्तर नाही. पोरांचं किती सामान साचलंय. शनिवारी मशीन चालू ठेवायला सांगा त्यांना. चित्रं पाठवून मगच घरी जायचं, अशी सवय आहे पोरांची. बाई तिकडून लगेच लिहितात, कुठे चुकलं, कुठे छान. ते वाचल्याशिवाय उठत नाहीत."

दर शनिवारी. मला वाटत होतं, ते कधीतरी सठीसहामासी लावत असतील. आणि तुम्ही शनिवारी लॅबमध्ये का थांबता, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. ब्राझीलला कळलं, फिनलंडला कळलं. पाटाच्या टोकाच्या घरी कोणी गेलंच नव्हतं. मी दवंडी द्यायला आलो होतो एका कोडची. आता माझ्याकडे दुसरीच होती.

बाई, ज्याला गप्प बसवायला तुम्ही खडू फेकायच्या, तो मी सायकलची चेन बसवायला खाली वाकलो, ती मला येत नाही, हात काळे करून घेतले. व्यंकटीसर माझ्याकडे पाहत होते. त्यांनीच हळू विचारलं, "बाई… आजारी आहेत का?"

"नाहीत," मी म्हटलं. "बाई नाहीत, सर."

ते तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, "अय्यो. आणि आम्ही लाईनला शिव्या देत होतो." मग उठून आत गेले आणि पोरांना तेलुगूत सांगितलं. मला शब्द कळले नाहीत. त्यात 'बाई' तेवढं कळलं. एक मुलगी बाहेर आली, मराठीत मला विचारलं, "मग आमचं कोण उचलनार?"

मी म्हटलं, "मी. या शनिवारी." आणि तिनं मान हलवली. ऐकलं जी, म्हणतात तशी.

तर आज शनिवार आहे. कापड काढलं, मशीन लावलं, सकाळपासून इथेच बसलोय. दुपारी फोन वाजला. मी उचलला नाही, यावेळी समजून. मशीननं उचलला. तो किंचाळण्याचा आवाज, तुम्ही म्हणायच्या ना, धान चुरताना खळ्यात कोणीतरी भांडतंय असा. मग यायला लागलं. थोडं आलं, थांबलं, पोचलं का, पोचलं. लाईन तुटली. परत लागली. जिथे सोडलं तिथून पुढे. मी तो कोड किती वेळा वाचला होता, दात दुखवून घेतले होते. चालताना आज पहिल्यांदा पाहिला. कचराच आहे बाई, त्या मतावर मी ठाम आहे. पण इतक्या धीराचा कचरा मी दुसरा पाहिला नाही.

पोरांचं साचलेलं सगळं आलं. गोदावरीतला डोंगा, त्याला वल्ही हलतात. एक कोंबडा, त्याला दाबलं की दोन तुकडे होऊन पळतो, काहीतरी चुकलंय. मी लिहून पाठवलं, कुठे चुकलं ते. 'छान' लिहायला विसरलो, पुन्हा लिहिलं.

शेवटी आलं ते सगळ्यात जुनं चित्र, लाईन गेली त्या आठवड्यात केलेलं, त्यांना काही कळायच्या कितीतरी आधी. एक बाई आहे. हिरवी साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, चष्मा चेहऱ्यापेक्षा मोठा. खाली लिहिलंय, 'बाईला विचारा आणि बाईला दाबा.'

लिस्टवरचं माझं 'काढा' तसंच पडून होतं शेजारच्या खिडकीत, न पाठवलेलं. मी इकडे तिकडे पाहिलं. लॅबमध्ये कोणी नव्हतं.

"बाई," मी विचारलं, "काढू का आता?"

आणि दाबलं.

चष्मा जरा खाली घसरला. डोळे वर आले नाहीत. तोंडाशेजारी एक फुगा उगवला, त्यात पोरांच्या वाकड्या अक्षरात एकच शब्द.

नाई.

बरं, बाई. धान निघू द्या.